आधी शिवारफेरी

बावरा गावच्या विहिरीपाशी तुम्ही पोहोचता तेव्हा ऊन चांगलंच चढलेलं असतं. गुजरातेतलं खेडं, 1960च्या दशकाची सुरुवात. विहिरीवर बायका जमल्या आहेत. हंडे भरून झाले तरी कुणी निघायचं नाव घेत नाही. कुणाची लेक बाळंतपणाला आलीय, कुणाची म्हैस आटलीय, कुणाची सासू काल काय बोलली, सगळं तिथेच निघतं. भाषा तुम्हाला पुरती कळत नाही, सूर मात्र ओळखीचा वाटतो. एक म्हातारी खुणेनं विचारते, पाणी हवं का? तुम्ही वाकून ओंजळ पुढे करता. ती पाणी ओतते, पण वरून; भांडं तुमच्या हाताला लागणार नाही एवढं अंतर राखून. तुमची जात तिला माहीत नाही.

तुम्ही आर्किटेक्चरच्या कॉलेजात शिकवता. जूनमध्ये दुसऱ्या वर्षाची बॅच तुमच्या हाती येणार आहे. घर, रस्ता, पाणी, झाड, जमीन या सगळ्यांचा एकत्र विचार करणारा पर्यावरणीय रचनेचा स्टुडिओ नव्यानं आखायचं काम तुमच्यावर आलं आहे. विभागाच्या बैठकीत 'डिझाइन थिंकिंग' हा शब्द सगळ्यांनीच वापरला. कुणी म्हणालं, दोन दिवसांची कार्यशाळा घेऊ. कुणी म्हणालं, रंगीत चिठ्ठ्या आणि मार्कर मागवू. विषय तिथेच मिटला आणि तुम्हाला मात्र झोप लागेना. म्हणून हा प्रवास. अट एकच आहे: पेन्सिल काढायची नाही. ड्रॉइंग शिकवणाऱ्या माणसाला ही अट जड जाते, हात आपोआप बटर पेपरकडे जातो. पण पाळा.

या गावात ख्रिस्तोफर अलेक्झांडर नावाचा पंचविशीतला तरुण राहून गेला. केंब्रिजला गणित आणि वास्तुकला दोन्ही शिकलेला, हार्वर्डला पीएचडी करणारा. 600 वस्तीच्या एका भारतीय खेड्याची नव्यानं मांडणी करायची तर त्या खेड्याला काय काय लागतं, याची त्यानं यादी केली. 141 गरजा निघाल्या. 1964 साली आलेल्या 'नोट्स ऑन द सिंथेसिस ऑफ फॉर्म' या पुस्तकाच्या शेवटी ती यादी छापलेली आहे. घराचं दार दक्षिणेला नको. काही पाणी आणि काही झाडं पवित्र मानली जातात. मुलांमध्ये जमिनीच्या वाटण्या होत जाणार. पुरुषांचे ठरलेले अड्डे आहेत, ते रात्री उशिरापर्यंत विड्या ओढत बसतात. आणि त्यातच एक नोंद अशी, की बायका अंघोळ करताना, पाणी भरताना, शौचाला शेताकडे जाता-येता भरपूर बोलतात.

या नोंदीपाशी जरा थांबा. तुम्ही आता ज्या विहिरीवर उभे आहात, तिथलं बोलणं एका अभ्यासकानं गावाची गरज म्हणून लिहून घेतलं. पाणी घरोघर आलं की प्रगती झाली, असं नियोजनाच्या कागदावर सहज लिहून टाकता येतं. पाणी घरी यावं, यात वादच नाही. डोक्यावर हंडा घेऊन चालणाऱ्या बाईच्या मानेला विचारा. पण नळ आला की घराबाहेर पडून चार बायकांशी बोलायची ही एक सबब जाते, आणि तिच्या बदल्यात गावात दुसरी कोणती जागा देणार, हा प्रश्न या यादीमुळे टेबलावर येतो. यादी नसती तर नळाचा व्यास ठरवून काम संपलं असतं.

यादीच्या पहिल्याच क्रमांकावर मात्र तुम्ही अडखळता. तिथे लिहिलंय, हरिजनांना अशुद्ध आणि अस्पृश्य मानलं जातं. पुढे गेल्यावर दुसरी नोंद येते: अस्पृश्यता नष्ट व्हायला हवी. दोन्हींचा दर्जा एकच, दोन्ही गरजाच. अलेक्झांडरनं कोणती गरज कोणत्या गरजेशी जोडलेली आहे हे मांडलं, ते सगळं संगणकावर चढवलं, आणि त्यातून गरजांचे चार मोठे आणि बारा लहान गट पडले. काम अतिशय कसून केलेलं आहे. पण कोणती गरज पुरवायची आणि कोणती मोडून काढायची, हे गट पाडून कळत नाही. ज्यांच्या ओंजळीत आयुष्यभर वरून पाणी पडलं, त्यांना गावाची यादी करायला सांगितली असती तर पहिल्या क्रमांकावर काय आलं असतं? तुमचे हात अजून ओले आहेत. हा प्रश्न इथूनच घेऊन निघा.

आपल्या मुलांनी अशी यादी करायला शिकावं, असं मला मनापासून वाटतं. 141 नकोत, 40 करा, पण प्रत्येक नोंदीपुढे ती कुणी सांगितली ते लिहा. सरपंचानं सांगितलेली गरज आणि गावकुसाबाहेरच्या घरातून आलेली गरज एकाच रांगेत नावागावाशिवाय बसली, की यादी गावातल्या बलवानाची होते. आणि पद्धतीच्या प्रेमात पडू नका. खुद्द अलेक्झांडरनंच पुढे, याच पुस्तकाच्या 1971च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत, रचनेच्या पद्धतींचा स्वतंत्र अभ्यास करण्याची कल्पना झटकून टाकली. ज्यानं पद्धत घडवली त्यालाच ती अपुरी वाटली, ही गोष्ट वर्गात सांगायलाच हवी.

अहमदाबादेत फार रेंगाळायचं नाही. 1960च्या दशकाचा उत्तरार्ध आहे. समांतर उभ्या विटांच्या भिंती, उत्तरेचा उजेड आत घेणारे उंच स्टुडिओ, खाली सावलीत पायऱ्यांवर बसलेली मुलं. 1962 साली सुरू झालेल्या या वास्तुकलेच्या शाळेची इमारत बाळकृष्ण दोशींची. जन्म पुण्याचा, शिक्षण मुंबईच्या जे. जे.मध्ये, मग पॅरिसला ल कॉर्ब्युझिएच्या हाताखाली उमेदवारी. वर्ग कुठे संपतो आणि ओटा कुठे सुरू होतो, ते इथे कळत नाही. वरच्या स्टुडिओत कुणाची चर्चा चालली आहे ते खालच्याला ऐकू येतं आणि तो मान वर करून मत देतो. पुढे या संस्थेच्या नावातच पर्यावरणीय नियोजन आलं आणि देशभर ती 'सेप्ट' म्हणून ओळखली गेली. शिक्षणाची सुधारणा इमारतीपासूनही करता येते, हे इथे दिसतं. पण तुमच्या कॉलेजची इमारत तुम्हाला बदलता येणार नाही, तेव्हा पुढे चला.

आता कॅलिफोर्निया. बर्कली, 1969चा उन्हाळा. समोर वर्स्टर हॉल: उघडं काँक्रीट, छताखाली उघडेच पाइप आणि हवेचे डक्ट, काही लपवलेलं नाही. या विद्यापीठानं 1959 सालीच वास्तुकला, लँडस्केप आणि नगररचना हे तिन्ही विभाग एकत्र करून पर्यावरणीय रचनेचं कॉलेज काढलं. विल्यम वर्स्टर त्याचे पहिले डीन. वास्तुरचनाकार इमारत काढणार, लँडस्केपवाला उरलेल्या जागेत झाडं लावणार आणि नगररचनाकार दोघांच्या वरून रस्ता नेणार, ही वाटणी मोडायची होती. आपल्याकडे ती अजून पुरती मोडलेली नाही. कित्येक कॉलेजांत लँडस्केप हा आठवड्यातून एकदा येणारा तास आहे.

कॅम्पसपासून चार पावलांवर एक कुंपण घातलेला भूखंड आहे. विद्यापीठानं इथली घरं पाडली आणि जागा चिखलात तशीच पडून राहिली. एप्रिलमध्ये विद्यार्थी आणि आसपासचे लोक आले, माती आणली, हिरवळ आणि झाडं लावली, मुलांसाठी झोपाळे टांगले, नाव ठेवलं पीपल्स पार्क. 15 मेच्या पहाटे विद्यापीठानं कुंपण घातलं. त्या दिवशीच्या गोळीबारात एक तरुण जखमी झाला आणि नंतर मरण पावला. पाठोपाठ नॅशनल गार्डच्या हेलिकॉप्टरनं कॅम्पसवर अश्रुधूर सोडला. तुम्ही कुंपणाच्या जाळीला हात लावून आत बघता. लावलेली झाडं अजून तग धरून आहेत.

आता सांगा, इथला प्रश्न काय आहे? विद्यापीठ म्हणतं, जमीन आमच्या मालकीची आहे आणि तिचा वापर आम्ही ठरवणार. शेजारी म्हणतात, आमची घरं तुम्ही पाडलीत. विद्यार्थी म्हणतात, बाग आम्ही केली. तुम्ही ज्याला प्रश्न म्हणाल त्याप्रमाणे उत्तराचं रूप बदलेल: मालकी म्हणाल तर कुंपण, घरटंचाई म्हणाल तर वसतिगृह, मोकळी जागा म्हणाल तर बाग. वर्स्टर हॉलमध्ये याच सुमारास होर्स्ट रिटल शिकवतात. मूळचे जर्मन, गणिताकडून रचनेकडे आलेले, उल्मच्या नामांकित डिझाइन शाळेत शिकवून 1963 साली इथे आलेले. त्यांनी नगररचनेच्या मेल्विन वेबर यांच्याबरोबर 1973 साली जो निबंध छापला, त्यात हेच मांडलं आहे. काही प्रश्नांची नेमकी व्याख्या आधी करताच येत नाही; तुम्ही कारण काय मानता, त्यावर उत्तर ठरतं. ते कधी संपलं असं म्हणता येत नाही. प्रत्येक प्रश्न दुसऱ्या एखाद्या प्रश्नाचं लक्षण असतो. आणि प्रयोग करून पाहू, चुकला तर पुसू, अशी सोय नसते, कारण टाकलेला रस्ता आणि पाडलेलं घर परत जागच्या जागी जात नाही. अशा खट प्रश्नांची दहा लक्षणं त्यांनी दिली. शेवटचं लक्षण असं, की नियोजनकाराला चुकायचा हक्क नाही.

हे वाचल्यावर आपल्या ज्युरीची आठवण येते. स्टुडिओ ही एकच जागा आहे जिथे चुकल्यानं कुणाचं घर पडत नाही. म्हणजे चुकायचा सगळा हक्क मुलांना इथेच मिळायला हवा. आणि आपण करतो उलटं. ब्रीफ शिक्षक टाइप करून देतो: इतक्या चौरस मीटरचं सांस्कृतिक केंद्र, इतक्या गाड्यांचं पार्किंग, एक उपाहारगृह. प्रश्न ठरला, वाद मिटला. मुलं आठवड्याभरात कन्सेप्टला लागतात. ज्युरीच्या दिवशी ज्याचं रेंडरिंग देखणं त्याला गुण, आणि ज्यानं धीर करून विचारलं की सर, इथे सांस्कृतिक केंद्र कुणाला हवंय, त्याची शीट अर्धवट राहिलेली असते. दोन दिवसांच्या कार्यशाळेत भिंतीवर चिठ्ठ्या चिकटवून हे बदलणार नाही. समजून घ्या, प्रश्न मांडा, कल्पना काढा, नमुना करा, तपासा, या डिझाइन थिंकिंगच्या पाच पायऱ्या वाईट आहेत असं नाही. पण त्यांच्या मागे बर्कलीतली ही सगळी झोंबाझोंबी उभी आहे, आणि ती वगळून पायऱ्या तेवढ्या उचलल्या की मुलं दुसऱ्या पायरीवर पाच मिनिटं थांबतात. टाकलेल्या रस्त्याचा किंवा नदीचा नमुना करून पाहता येत नाही. म्हणून दुसऱ्या पायरीवरच महिनाभर बसावं लागतं.

रिटल यांनी याच काळात एक साधी मांडणीही केली: मुद्दा काय, त्यावर कुणाची भूमिका काय, आणि बाजूनं-विरुद्ध युक्तिवाद कोणते, एवढं नोंदवत जायचं. त्यांचं म्हणणं असं, की असल्या प्रश्नांत लागणारं ज्ञान एकट्या तज्ज्ञाकडे नसतं, ते सगळ्यांत विखुरलेलं असतं. हे ऐकताना तुम्हाला एकदम नायगाव आठवेल, मिळून पाणी वाटून घेणारं गाव. चला तिकडेच.

पुरंदर तालुका, पुणे जिल्हा, 1970च्या दशकाचा शेवट. सासवडच्या पुढे गेलं की डोंगर बोडके होत जातात. पाऊस इथे मोजून मापून पडतो आणि पडला तरी उतारावरून धावत निघून जातो. 1972च्या दुष्काळात या भागात दुष्काळी कामांवर माणसं खडी फोडत होती. पुण्याचे इंजिनियर आणि कारखानदार विलासराव साळुंखे तेव्हा इकडे आले, आणि पाणी अडवायचं सोडून माणसं दगड का फोडतायत, या विचारानं इथलेच झाले. नायगावात देवस्थानची 40 एकर पडीक जमीन त्यांनी खंडानं घेतली. उतारावर ताली घातल्या, पाणी अडवलं, जिरवलं, विहीर काढली.

तुम्ही त्या शेतातून चाललात तर ताल ओलांडताना पायाखालची माती बदललेली जाणवेल. वरच्या अंगाला मुरूम, ताल ओलांडली की खाली गाळाची मऊ माती. एवढी करामत कुठलाही चांगला इंजिनियर करील. खरी रचना पुढे आहे. गावकरी बसलेत, बोलणं पाण्याच्या वाटपाचं चाललंय. आजवरचा हिशेब सोपा होता: ज्याची जमीन त्याचं पाणी, ज्याची जास्त जमीन त्याचं जास्त पाणी. साळुंखे आणि गावकऱ्यांनी मिळून हिशेबच उलटा मांडला. पाणी माणशी. दर डोई अर्ध्या एकराचं, आणि कुटुंबात माणसं कितीही असोत, जास्तीत जास्त अडीच एकराचं. ज्याला जमीन नाही त्यालाही वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क जमिनीबरोबर जाणार नाही. ऊस लावायचा नाही. योजनेच्या खर्चाचा काही भाग प्रत्येकानं स्वतः उचलायचा. पाणी सोडायला पाटकरी गावानं नेमायचा. याला नाव पडलं पाणी पंचायत.

पाटकरी दारं धरून उभा आहे. एका सरीत पाणी पुरेसं झालं की फावड्यानं ढेकूळ टाकून तो ती बंद करतो आणि दुसरी उघडतो. शेजारच्या बांधावर एक जण हुज्जत घालायला आलाय, त्याच्या मते त्याची पाळी लवकर संपली. पाटकरी त्याला म्हणतो, "आण्णा, पाळी गावानं लावलीय, मी नाही. उद्या बैठकीत बोला." आणि पुन्हा कामाला लागतो.

आपल्या कुठल्याही स्टुडिओत 'दुष्काळी भागासाठी जलसिंचन प्रकल्प' असं ब्रीफ दिलं असतं तर मुलांनी उत्तम बंधारा काढला असता, वर टेकडीवर पाहुण्यांसाठी केंद्रही काढलं असतं. भूमिहीन बाईला पाण्यात वाटा मिळावा, हे एकाच्याही शीटवर आलं नसतं, कारण ब्रीफमध्ये ते नव्हतं. महाराष्ट्रातलं माझ्या मते सर्वांत थोर डिझाइन इथे झालं आणि ते एका वाक्याचं आहे: पाणी जमिनीला नाही, माणसाला. ते कुठल्या ड्रॉइंगमध्ये दिसत नाही. पण त्या वाक्यामुळे पाइप कुठवर न्यायचा, कोणतं पीक घ्यायचं, कुणी गाव सोडायचं आणि कुणी राहायचं, सगळं बदललं.

पाणलोटाच्या कामात पुढे एक रीत राज्यभर रुळली, शिवारफेरी. गावकरी, अधिकारी, शाळेतली पोरं सगळी मिळून शिवार पायी फिरतात. ओघळ कुठून निघतो, माती कुठे तुटते, कुणाच्या विहिरीला फेब्रुवारीत तळ लागतो, ते चालताना सांगितलं जातं आणि तिथल्या तिथे वादही होतात. रिटल यांना हवी होती ती वादाची नोंदवही आपल्याकडे पायी चालते. आणि आपली साइट व्हिजिट? सकाळी बस, बारापर्यंत मापं आणि फोटो, वडापाव, संध्याकाळी परत.

आता सांभाळा. मंगळवार, 26 जुलै 2005, दुपारचे दोन वाजून गेलेत आणि तुम्ही मुंबईतल्या कलिन्यात एका बैठ्या खोलीत उभे आहात. पाऊस असा पडतोय की समोरचं घर दिसत नाही. पण पाणी दारातून येण्याआधी मोरीतून येतं. आधी काळे बुडबुडे, मग घोटाभर, मग पलंगाच्या पायाला. घरातली बाई धान्याचा डबा माळ्यावर चढवते, मग गॅसची शेगडी, मग लहान मुलाला. "पाणी खालून कसं येतंय?" ती विचारते, आणि तो प्रश्न त्या दिवशी मुंबईतल्या सगळ्या इंजिनियरांना विचारण्याजोगा असतो. बाहेर समुद्राला भरती आहे. मिठी नदीला पुढे जायला वाट नाही, ती मागे फुगते आहे.

सांताक्रूझला त्या 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी कुलाब्याला 75च्याही आत. राज्यभरात हजाराच्या वर माणसं गेली. मुंबईच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या तासाला 25 मिलिमीटर पाऊस धरून बांधलेल्या, तोही ओहोटीच्या वेळी पडेल असं गृहीत धरून. म्हणजे प्रश्न कधीच ठरवून झाला होता: पाणी पाइपात घाला आणि समुद्रात सोडा. पाइप मोठा करायचा की लहान, एवढंच पुढच्या पिढ्यांनी भांडायचं. विहार आणि पवईच्या तलावांचं वाहून आलेलं पाणी घेऊन माहीमच्या खाडीकडे जाणारी मिठी विमानतळाच्या धावपट्टीखालून वळली, तिच्या कडेच्या दलदलीत भर घालून वांद्रे-कुर्ला संकुल उभं राहिलं. त्यातली प्रत्येक इमारत कुणीतरी शिकलेल्या माणसानं काढली. त्यांच्या ज्युरीत कुणी विचारलं असेल का, की भरतीला हे पाणी कुठे उभं राहील?

चार वर्षं पुढे. फोर्टमधला कावसजी जहांगीर हॉल, म्हणजे आताचं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय. 2009. अनुराधा माथुर आणि दिलीप दा कुन्हा यांचं 'सोक: मुंबई इन अ‍ॅन एस्ट्युअरी' हे प्रदर्शन लागलंय. दोघंही तेव्हा फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या लँडस्केप विभागाशी जोडलेले. इयान मॅकहार्गनं घडवलेला हा विभाग; त्यानं तिथे भूशास्त्रज्ञ, जलतज्ज्ञ, परिसरशास्त्रज्ञ यांना स्टुडिओत आणलं, आणि माती, उतार, पाणी, वनस्पती यांचे पारदर्शक नकाशे एकावर एक ठेवून मग बांधायचं कुठे ते ठरवायची शिस्त लावली. त्याचं 'डिझाइन विथ नेचर' 1969चं. माथुर आणि दा कुन्हा यांनी त्याच्याही पुढे जाऊन नकाशालाच हात घातला. नकाशावर जमीन आणि समुद्र यांच्यामध्ये एक रेघ असते. ती रेघ ज्यानं मारली त्यानं पूर निर्माण केला, असं त्यांचं म्हणणं. मुंबई ही खाडीमुखातली जागा आहे. इथे पावसाळा आणि भरती एकमेकांत मिसळतात, आणि पाणी बाहेर काढण्याइतकंच ते सामावून घ्यायची, मुरवायची, थोपवून धरायची जागा लागते.

भिंतीवर सेक्शनच सेक्शन आहेत. जमीन उभी कापून दाखवलेली: टेकडी, तलाव, रस्ता, खाजण, खाडी. तुम्ही जवळ जाता. प्लॅनमध्ये मिठी म्हणजे दोन निळ्या रेघा असतात. सेक्शनमध्ये तिला काठच नाहीत. ओली जागा हळूहळू कोरडी होत जाते आणि ऋतूप्रमाणे कोरडी पुन्हा ओली. तुम्ही मुलांना साइटची जी कॅड फाइल देता, तिच्यात नाला म्हणून दोन समांतर रेघा असतात आणि त्या कुठल्या महिन्यातल्या आहेत ते कुठेच लिहिलेलं नसतं. सर्व्हे बहुधा उन्हाळ्यात झालेला असतो.

माझ्या लेखी सुधारणेचा सगळ्यात दुर्लक्षित भाग हाच आहे, वेळापत्रक. आपण अभ्यासक्रमात विषय वाढवतो, सॉफ्टवेअर वाढवतो, निवडक तास वाढवतो. पण पाऊस कुठल्या आठवड्यात शिकवायचा, हे ठरवत नाही. मुलं मे महिन्यात घरी असतात, तेव्हा पाणी किती खाली गेलं ते त्यांनी पाहिलेलं नसतं. जुलैत वर्ग भरतात, पण बाहेर पाऊस आहे म्हणून साइट व्हिजिट पुढे ढकलली जाते. ऑक्टोबरात उघडीप झाली की मापं घेतात, आणि त्या कोरड्या मापांवर पाच वर्षं उत्तरं काढत राहतात. ज्या ऋतूनं हा सगळा देश घडवला, त्याला आपण गैरसोय म्हणून टाळतो.

जून आला. विभागाची बैठक. तुम्ही मांडता: कुर्ल्याजवळची मिठीकाठची एक वस्ती. ब्रीफ नाही. पहिले पाच आठवडे फक्त फेरी आणि नोंदी, दर सोमवारी, पाऊस असला तरी. खरं तर पाऊस असेल तर नक्कीच. वस्तीतल्या लोकांबरोबर चालायचं, पण त्यांचा कामाचा खाडा होणार नाही अशा वेळी. एकच सेक्शन तीनदा काढायचा, जूनच्या पहिल्या सरींनंतर, भर जुलैत भरतीच्या दिवशी आणि ऑक्टोबरात. गरजांची यादी, प्रत्येकीपुढे ती सांगणारा कोण, पुरुष की बाई, मालक की भाडेकरू, आणि तिला विरोध कुणाचा. सहाव्या आठवड्यात मुलांनी प्रश्न लिहायचा आणि तो वस्तीत वाचून दाखवायचा. वस्तीनं बदलायला सांगितला तर बदलायचा. उत्तरासाठी पेन्सिल त्यानंतरच. शेवटी जे काही छोटं सुचेल, एखादी पायरी, पाणी ओसरेपर्यंत सामान ठेवायचा ओटा, गल्लीचा उतार, त्याची जागेवर फक्की मारून प्रत्यक्ष मापात आखणी करायची, म्हणजे वस्तीतल्या माणसाला त्यावर उभं राहून सांगता येईल की इथून माझी हातगाडी वळत नाही.

आक्षेप येतातच. सबमिशनला मुलं दाखवणार काय? तीन सेक्शन, यादी, वादाची वही आणि फक्कीच्या आखणीचे फोटो. गुण कसे द्यायचे? निम्मे प्रश्नाला. सुरक्षितता? भरतीच्या आणि अतिवृष्टीच्या इशाऱ्याच्या दिवशी पाण्यात कुणी उतरणार नाही, पुलावरून आणि गच्चीवरून नोंदी. स्टुडिओचे तास कसे भरायचे? सोमवारची फेरी हाच स्टुडिओ, हजेरी तिथेच. हे सगळं निभावतं.

मग खिडकीपाशी बसलेल्या सर्वांत ज्येष्ठ मॅडम विचारतात, "दरवर्षी साठ पोरं जाऊन त्या लोकांना प्रश्न विचारणार, सेमिस्टर संपली की निघून येणार. त्यांनी काय म्हणून दार उघडायचं?" बैठकीत शांतता पसरते, कारण हा आक्षेप खरा आहे. तुम्ही म्हणता, साइट बदलायची नाही. पाच वर्षं हीच वस्ती. एका बॅचची वही पुढच्या बॅचच्या हाती, आणि त्या वहीची एक प्रत वस्तीकडे, मराठीत आणि हिंदीत, महापालिकेत नेऊन ठेवता येईल अशी. तरी मॅडमचं पूर्ण समाधान होत नाही. पाच वर्षांनंतर काय, हे त्या टिपून ठेवतात आणि पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्यायला सांगतात. ते बरोबरच आहे.

गुणांच्या वाटणीवर तडजोड होते, निम्म्याचे चाळीस टक्के होतात. साइटवर मात्र तुम्ही हटत नाही. संध्याकाळी वेळापत्रकात पहिला सोमवार भरता: सकाळी आठ, कुर्ला स्टेशन पश्चिम, छत्री, जुने बूट, वही. ड्रॉइंग बोर्ड आणू नये.